गर्दीचा दोष रोग्याच्या माथी नको

मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागांत दिवसेंदिवस वाढत चाललेल्या गर्दीविषयी जी चर्चा होते, तिच्यात एक मत पुनःपुन्हा आणि मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. ते असे की, अंगदुखीसाठी किंवा महिन्याच्या गोळ्यांसाठी लोक थेट हृदयरोगाच्या वा मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे धाव घेतात. खालचे डॉक्टर अंगावरची जबाबदारी झटकण्यासाठी वाटेल त्याला चिठ्ठी देऊन वर रवाना करतात. आणि या दोघांच्या बेपर्वाईमुळे ज्याला तज्ज्ञाची खरी गरज आहे तो रोगी रांगेच्या शेवटी राहतो. या निदानावरून सुचविले जाणारे उपायही ठरीव आहेत : चिठ्ठीवाचून कोणास आत घेऊ नये, चिठ्ठी नसलेल्याकडून जबर शुल्क वसूल करावे, आणि ज्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या अनावश्यक ठरतील त्याला जाब विचारावा. हे मत मांडणाऱ्यांत अनेक अनुभवी व प्रामाणिक तज्ज्ञ आहेत आणि त्यांच्या त्राग्यामागे खरे कष्ट आहेत, हे मी जाणतो. तरीही हे निदान चुकीचे आहे, त्यातून निघणारे उपाय अन्यायाचे आहेत, आणि एवढा अन्याय पदरी घेऊनही त्यांनी गर्दी हटणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम, जे निर्विवाद आहे ते मान्य करू. मुंबईची केईएम, नायर, शीव व जे. जे., पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल यांपैकी कोणत्याही रुग्णालयात सकाळी गेले, तर केसपेपरची खिडकी उघडण्यापूर्वीच तिच्यापुढे रांग लागलेली दिसते. परगावची माणसे आदल्या रात्रीच येऊन आवारात पथारी टाकून असतात. आणि एवढे सोसून ती तज्ज्ञासमोर उभी राहतात तेव्हा त्यांच्या वाट्याला जी मोजकी मिनिटे येतात, त्यांतच हकीकत ऐकणे, तपासणे, जुने कागद चाळणे आणि निर्णय घेणे हे सारे उरकावे लागते. अशा घाईत उत्तम तज्ज्ञाचीही नजर चुकू शकते, आणि ज्या निवासी डॉक्टरांच्या खांद्यावर हा भार पडतो त्यांचे शिक्षण व शरीर ही दोन्ही झिजतात.

बहुतेक आजारांचा निकाल तज्ज्ञाच्या दारी नव्हे, तर घराजवळच्या दवाखान्यात लागावा, हे तत्त्वही वादातीत आहे. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 साली ब्रिटन व अमेरिका येथील माहितीवरून असा हिशेब मांडला होता की, 1000 प्रौढांपैकी एका महिन्यात सुमारे 750 जणांना काही ना काही दुखणे होते, 250 जण डॉक्टरकडे जातात, 9 जण रुग्णालयात दाखल होतात, 5 जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठविले जाते आणि अवघ्या एकाला विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयाची पायरी चढावी लागते. चिठ्ठीची सक्ती मागणारे या हिशेबाचा आधार घेतात. परंतु त्याचा खरा बोध त्यांच्या विरुद्ध जातो. त्या 250 जणांपैकी बहुतेकांचे काम पहिल्याच दारी झाले, याचे कारण दुसऱ्या दारावर कोणी पहारा बसविला होता हे नव्हे; पहिल्या दारात काम जाणणारा, साधनांनी सज्ज असलेला आणि लोकांचा विश्वास मिळविलेला डॉक्टर हजर होता, हे होय.

आपल्याकडे हे पहिले दार कागदावर फार पूर्वी उभे राहिले. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1946 साली गावाजवळच्या केंद्रापासून जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत परस्परांशी जोडलेली आरोग्यव्यवस्था सुचविली, आणि पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तिचे मूलतत्त्व ठरविले. 1952 पासून सामुदायिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. आणि 1975 साली श्रीवास्तव समितीने प्राथमिक केंद्र, तालुका, जिल्हा व वैद्यकीय महाविद्यालय यांना एका सूत्रात गुंफणाऱ्या संदर्भसेवेची शिफारस केली. मैदानी मुलुखात 30,000 आणि डोंगरी-आदिवासी मुलुखात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र, आणि त्यावर 30 खाटांचे, शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ असलेले सामुदायिक केंद्र, अशी प्रमाणेही ठरली. परंतु केंद्र सरकारच्याच ग्रामीण आरोग्य सांख्यिकीप्रमाणे 2021-22 साली देशातील ग्रामीण सामुदायिक केंद्रांत आवश्यक तज्ज्ञांपैकी सुमारे 80 टक्के तज्ज्ञ नव्हते. जेथे पाचांपैकी चार जागांवर माणूसच नाही, तेथल्या रोग्याने थेट शहराची वाट धरली तर त्याला बेशिस्त म्हणण्याचा अधिकार कोणास पोचतो?

हा मामला जवळून पाहावयाचा असेल तर प्राथमिक केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याच्या टेबलापाशी घटकाभर उभे राहावे. समोर पन्नाशीची बाई बसली आहे. डोके जड राहते, विहिरीवरून येताना धाप लागते, असे सांगते. रक्तदाब 170 वर 100 भरतो. कपाटातील रक्तदाबाच्या गोळ्या महिनाअखेरीस संपल्या आहेत, मागणीपत्र जिल्ह्याच्या भांडाराकडे गेले आहे, माल आलेला नाही. ईसीजीचे यंत्र आहे, पण त्यात घालावयाचा कागद नाही. प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे पद रिक्त असल्याने शेजारच्या केंद्राचा माणूस आठवड्यातून दोनदा येतो. आणि ‘एवढे पाहून सांगा’ असे ज्याला फोनवर म्हणावे, असा फिजिशियन तालुक्यात नाही. धाप हृदयामुळे लागते की रक्त कमी असल्यामुळे, हे ठरविण्याचे एकही साधन हाती नसताना, उद्या काही बरेवाईट झाले तर नातेवाईक केंद्रावर चालून येतील किंवा न्यायालयात खेचतील, हेही त्या तरुण अधिकाऱ्याला ठाऊक असते. तो केसपेपर उलटा करून त्यावर लिहितो : ‘पुढील तपासणी व उपचारांसाठी वरिष्ठ रुग्णालयाकडे.’ तज्ज्ञाच्या विभागात ही बाई पोचते तेव्हा तिला फक्त साध्या गोळीची गरज होती असे आढळते, आणि तिची नोंद ‘अनावश्यक’ म्हणून होते. ही चिठ्ठी अनावश्यक खरीच. परंतु ती त्या बाईने अनावश्यक केली नाही आणि त्या अधिकाऱ्यानेही नाही. ती रिकाम्या कपाटाने लिहिलेली चिठ्ठी आहे.

औषधपुरवठ्याचा प्रश्न किरकोळ मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. महाराष्ट्राने 2017 साली शासकीय औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. पुरवठ्याच्या दिरंगाईबद्दल तक्रारी होत राहिल्या, आणि 2023 साली कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापावे लागले. तमिळनाडूने याच कामासाठी आपले औषधसेवा महामंडळ 1994 सालीच उभारले होते आणि त्याची घडी देशभर अभ्यासाचा विषय झाली. गोळी वेळेवर केंद्रात पोचणे ही बाब भांडारपालाच्या दप्तरातील दिसते. वस्तुतः शहरातील हृदयरोग विभागापुढची रांग किती लांब असेल, हे तेथेच ठरत असते.

आता त्या दुसऱ्या वर्गाकडे वळू, ज्याचा उल्लेख गर्दीविषयी तक्रार करणारे क्वचितच करतात. तज्ज्ञाच्या विभागात बसलेल्यांपैकी कितीतरी लोक नव्याने आलेले नसतात. ते जुने रोगी असतात, ज्यांचे निदान केव्हाच झाले आहे, औषधे ठरली आहेत, प्रकृती स्थिर आहे, आणि ज्यांना वरच्या रुग्णालयानेच पुढची तारीख देऊन पुन्हा बोलाविले आहे. पंधरा दिवसांच्या गोळ्या देण्याचा शिरस्ता असेल तर अशा एका माणसाच्या वर्षाकाठी चोवीस खेपा होतात. त्याला तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या तर खेपा चार होतील. आणि त्यांतील तीन त्याच्या गावाजवळच्या केंद्रात झाल्या तर तज्ज्ञासमोर तो वर्षातून एकदाच येईल, म्हणजे एका माणसाने अडविलेल्या चोवीस जागांपैकी तेवीस मोकळ्या होतील. हे करण्यास कोणाची हरकत आहे? उघड हरकत कोणाचीच नसते. परंतु आज एक आणि सहा महिन्यांनी दुसरा असा बदलत जाणारा निवासी डॉक्टर, ज्याला रोग्याला परत पाठविण्याचा अधिकार कोणी स्पष्टपणे दिलेला नाही, तो त्या गर्दीत केसपेपरवर ‘सीएसटी’, म्हणजे चालू औषधे तशीच पुढे, एवढी अक्षरे लिहून हातावेगळे करतो आणि पुढची तारीख घालतो. त्याचाही दोष नाही. ज्याच्याकडे परत पाठवावयाचे त्या डॉक्टरला काय लिहावे, कोणत्या कागदावर लिहावे, औषध तेथे मिळेल की नाही, हे त्याला कोणीही सांगितलेले नसते.

चिठ्ठी वर जाते. उत्तर खाली येत नाही. माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ येथे आहे. प्राथमिक केंद्राच्या अधिकाऱ्याने ज्या बाईला पाठविले तिचे पुढे काय झाले, निदान काय ठरले, आपला तर्क बरोबर होता की चूक, हे त्याला कळत नाही. म्हणून पुढच्या वेळी तसाच रोगी आला असता तो पुन्हा चिठ्ठीच लिहितो. शंभर चिठ्ठ्या लिहूनही त्याच्या ज्ञानात कणभर भर पडत नाही, कारण त्या शंभरांतील एकीचेही उत्तर त्याला मिळालेले नाही. अशा माणसाला ‘तुझ्या चिठ्ठ्या निरर्थक आहेत’ असा जाब विचारण्यापूर्वी, त्याच्या चिठ्ठ्यांना आपण उत्तर दिले होते काय, हा जाब तज्ज्ञाने स्वतःला विचारावयास हवा.

शुल्काच्या सूचनेचा समाचार घेणे आवश्यक आहे, कारण ती वरवर न्याय्य दिसते. तिच्या मुळाशी असा समज आहे की, खिशाला थोडी झळ लागली की क्षुल्लक दुखण्याचा माणूस घरी थांबेल आणि गंभीर दुखण्याचा माणूस झळ सोसूनही येईल. हा समज प्रत्यक्ष प्रयोगात टिकलेला नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकात रँड संस्थेने हजारो कुटुंबांवर जो दीर्घकाळ प्रयोग केला, त्यात रोग्यावर खर्चाचा वाटा टाकल्याने डॉक्टरकडे जाणे कमी झाले हे खरे; पण कमी झाले ते आवश्यक आणि अनावश्यक असे दोन्ही प्रकारचे जाणे, आणि तेही जवळजवळ सारख्याच प्रमाणात. यात नवल नाही, कारण आपल्या छातीतील कळ वाताची आहे की हृदयाची, हे माणसाला स्वतःला कळत असते तर तो डॉक्टरकडे गेलाच कशाला असता? शिवाय भामरागडहून गडचिरोली किंवा मोखाड्याहून नाशिक गाठणाऱ्याने एसटीचे भाडे, सोबत्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी या रूपाने शुल्क आधीच भरलेले असते. त्यावर आणखी दंड बसविल्याने जो मागे फिरेल तो सर्वांत कमी आजारी असेल असे नाही. तो सर्वांत गरीब असेल एवढेच निश्चित. महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले, ते याच जाणिवेने. एका हाताने दिलेला दिलासा दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा मार्ग पत्करण्याचे काही कारण नाही.

‘अनावश्यक’ हा निकाल तपासणीनंतरचा असतो, हेही विसरता कामा नये. स्तनात गाठ लागलेल्या स्त्रियांपैकी बहुतेकींची गाठ कर्करोगाची नसते. म्हणून त्यांनी तपासणीस येणे अनावश्यक होते असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आपल्या देशात तोंडाचे व स्तनाचे कर्करोग वाढलेल्या अवस्थेत तज्ज्ञापुढे येतात, हे नित्याचे दुःख आहे. त्या दुःखाचे कारण लोक फार लवकर येतात हे नसून फार उशिरा येतात, हे आहे. ऑक्टोबर 2023 च्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले आणि त्यांत 12 नवजात अर्भके होती, तेव्हा दूरदूरच्या भागांतून अत्यवस्थ स्थितीत आणलेल्या रुग्णांचे कारण रुग्णालयाच्या वतीने पुढे करण्यात आले. त्या खुलाशाने रुग्णालयाची जबाबदारी किती हलकी होते, हा वेगळा प्रश्न आहे. परंतु त्यात जेवढे तथ्य असेल तेवढे माझ्या म्हणण्यास पुष्टीच देते. खालची व्यवस्था पोकळ असली की हलके रोगी नाहक वर येतात आणि भारी रोगी उशिरा वर येतात. ही एकाच दोषाची दोन फळे आहेत, आणि दारावर पहारा बसविल्याने पहिले फळ कदाचित दृष्टीआड होईल, दुसरे मात्र अधिक विषारी होईल.

चिठ्ठीच्या सक्तीसाठी ब्रिटनचा दाखला हटकून दिला जातो. तेथे साध्या डॉक्टरच्या शिफारशीवाचून तज्ज्ञाची भेट सहसा मिळत नाही, हे खरे आहे. परंतु 1948 साली तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, ती प्रत्येक नागरिकाला स्वतःचा असा एक डॉक्टर देऊन, ज्याच्याकडे त्याचे नाव नोंदलेले असते, ज्याच्याकडे जाण्यास पैसे पडत नाहीत, आणि तज्ज्ञ आपला अभिप्राय ज्याला पत्राने कळवितो. आपण त्या व्यवस्थेतील कुलूप तेवढे उचलून आणू पाहतो आणि घर तेथेच सोडून देतो. डॉक्टर न देता चिठ्ठी सक्तीची केली, तर ती वैद्यकीय अभिप्राय न राहता केवळ परवाना होईल. आणि परवान्याचा जेथे जेथे प्रसंग येतो तेथे तो मिळवून देणारे लोकही उभे राहतात, हा आपला जुना अनुभव आहे.

खाजगी क्षेत्रातील अनावश्यक रवानगीचा प्रकार निराळा आहे. तेथे रोगी पाठविणाऱ्याला तज्ज्ञाकडून वा तपासणी केंद्राकडून वाटा मिळतो, ज्याला बोलीभाषेत ‘कट’ म्हणतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनी असे कमिशन घेणे-देणे निषिद्ध ठरविलेले आहे. महाराष्ट्रात 2017 साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार झाला. या ठिकाणी रोग्याला शिस्त लावण्याची भाषा तर अधिकच क्रूर ठरते, कारण तो आपण होऊन आलेला नसून विकला गेलेला आहे. जे तज्ज्ञ सार्वजनिक रुग्णालयातील गर्दीबद्दल तळमळीने बोलतात, त्यांनी हा मसुदा कायदा व्हावा म्हणून तितक्याच तळमळीने बोलले पाहिजे.

मग करावयाचे काय, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कल्पनेतून काढण्याची गरज नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयाने 2005 साली पचनसंस्थेच्या विभागात अशी पद्धत सुरू केली की, आलेली प्रत्येक चिठ्ठी एक तज्ज्ञ स्वतः वाचील आणि पाठविणाऱ्या डॉक्टरला उत्तर देईल : अमुक तपासणी आधी करा, अमुक औषध देऊन पाहा, किंवा रोग्याला ताबडतोब पाठवा. कोणालाही दारातून हाकलले नाही. तरी पुष्कळ रोग्यांना येण्याची गरज उरली नाही आणि बाकीच्यांची प्रतीक्षा कमी झाली. आपल्याच देशात 2017 पासून महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने मोजक्या औषधांचा ठरीव क्रम, नियमित साठा आणि रोग्यांची नोंद यांच्या बळावर हे काम प्राथमिक केंद्रांत होऊ शकते, हे दाखविले. केरळने त्याच वर्षी आर्द्रम मोहिमेतून प्राथमिक केंद्रांना कुटुंब आरोग्य केंद्रांचे रूप देऊन तेथे डॉक्टर, प्रयोगशाळा आणि संध्याकाळची वेळ वाढविली. तमिळनाडूने 2021 पासून रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या घरपोच नेण्याची योजना चालविली. मुंबईत 2022 पासून ‘आपला दवाखाना’ या नावाने दवाखाने निघाले आहेत, ही योग्य दिशा आहे. पण अशा दवाखान्याची मोठ्या रुग्णालयाशी दुहेरी पत्राची गाठ पडली, तरच तो गर्दीचा उपाय होईल.

यावर असा आक्षेप येईल की, आधीच पिचलेल्या तज्ज्ञाने चिठ्ठ्यांना उत्तरे केव्हा लिहावयाची? आक्षेप प्रामाणिक आहे, पण हिशेब उलटा आहे. पाच मिनिटांच्या उत्तराने जो रोगी पुढील वर्षभर येणार नाही, त्याच्यासाठी दिलेला वेळ खर्चात नव्हे, जमेत धरावयाचा असतो. अर्थात तो वेळ तज्ज्ञाने आपल्या झोपेतून काढावा असे नव्हे. आठवड्याच्या वेळापत्रकात त्याची तजवीज करणे, त्यासाठी पद मंजूर करणे आणि त्या कामाची गणना रोगी तपासण्याइतकीच करणे, हे प्रशासनाचे कर्तव्य आहे.

तेव्हा हुकूमच काढावयाचे असतील तर ते असे निघावेत : प्रत्येक चिठ्ठीला लेखी उत्तर मिळाल्यावाचून तिचे काम पुरे झाले असे समजू नये, स्थिर रोग्यास तीन महिन्यांची औषधे द्यावीत आणि नाव घालून त्याच्या केंद्राकडे परत सोपवावे, ठरलेल्या औषधांचा साठा केंद्रात संपला तर त्याचा खुलासा केंद्राकडे नव्हे, पुरवठा करणाऱ्याकडे मागावा, आणि जिल्ह्याच्या तज्ज्ञाने ठरल्या दिवशी तालुक्याला जाऊन रोगी पाहावेत. हे सारे झाल्यानंतरही कोणी वाट सोडून वर येत राहिला, तर त्याला शिस्त लावण्याचा विचार मीही करीन. परंतु तोवर, ज्याला आपण खाली काहीच दिले नाही त्याच्यापुढे वरचे दार लावून घेणे हा गर्दीचा बंदोबस्त नव्हे. तो आपल्या कसुरीचा दंड आजारी माणसाकडून वसूल करणे होय, आणि तसे करण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला किंवा शासनाला नाही.